टेंपरेचर मीटर, मोटारीत मागाहून बसवलेला : दोष आणि तपासणी

इंजिनातल्या कूलंटचे तापमान ड्रायव्हरला कळावे म्हणून, कंपनीच्या मीटरला पूरक किंवा पर्याय म्हणून बाजारातून आणून बसवलेले उपकरण. त्याचे भाग दोन. डॅशबोर्डवर काटा किंवा आकडे दाखवणारा मीटर, आणि कूलंटच्या वाटेत बसवलेला सेन्सर. काटा चुकीचे दाखवू लागला की गाडीवाला पहिल्यांदा मीटर बदलतो. खोट मात्र बहुधा सेन्सरमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा मीटर-सेन्सरच्या विजोड जोडीत असते, आणि नवा मीटरही जुन्यासारखाच चुकू लागतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असा मीटर बसवून घेण्यामागे नुसती हौस नसते. अनेक नव्या छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच उरलेला नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि जास्त तापल्यावर लाल दिवा, एवढेच मिळते. लाल दिवा लागेपर्यंत बरेच काही होऊन गेलेले असते. समुद्राच्या वाऱ्यापासून दूर असलेल्या बदलापुरात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो, कल्याण-बदलापूर रस्त्यावर एसी लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहावे लागते, आणि नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा चढ तर गाडीची परीक्षाच पाहतो. ज्याच्या गाडीचे हेड गॅस्केट एकदा उडाले आहे, त्याला आकडा डोळ्यांसमोर हवा असतो.

आधी इंजिन, मग मीटर. काटा वर गेला तर तो खरे सांगतो आहे, असेच धरून गाडी बाजूला घ्यावी. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावे. रेडिएटरचे झाकण तापलेल्या इंजिनावर कधीही उघडू नये. साधे पाणी 100 अंशांना उकळते. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असे मिश्रण उघड्यावर 106-108 अंशांना उकळते, पण झाकणाच्या दाबाखाली ते त्याहून बरेच वर गेले तरी द्रवच राहते. झाकण सैल होताच त्याची क्षणात वाफ होते. थंड झाल्यावर कूलंटची पातळी, पंख्याचा फ्यूज आणि होज पाइप पाहावेत. हे सगळे ठीक असेल तरच संशय मीटरकडे वळवावा.

उलटा प्रकार अधिक घातक. कूलंट गळून गेले किंवा एअर लॉक झाला की सेन्सरचे टोक द्रवात न राहता हवेत किंवा वाफेत लोंबते. इंजिन भाजत असते आणि काटा खाली येतो. आपोआप ‘बरा झालेला’ काटा दिसला, तर पहिल्यांदा रेडिएटर तपासावा.

कार्य. सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो आणि त्यानुसार मीटरचा काटा हलतो. युरोपीय पद्धतीच्या, 120 अंशांपर्यंतच्या व्हीडीओ या ब्रँडच्या सेन्सरचा रोध 60 अंशांना सुमारे 134 ओहम, 90 अंशांना 51 आणि 100 अंशांना 38 ओहम असतो. अमेरिकी आणि जपानी पद्धतीच्या मीटरांचे आकडे वेगळे. जुन्या जीप, ट्रॅक्टर आणि जनरेटरवर अजून दिसणारा यांत्रिक मीटर मात्र विजेशिवाय चालतो. त्यात द्रव भरलेला बल्ब, एक बारीक तांब्याची नळी आणि फ्रान्सच्या यूजेन बूर्दों यांनी 1849 मध्ये पेटंट घेतलेली वक्र नळी असते. ही बारीक नळी कापता येत नाही, जोडता येत नाही, आणि एकदा मुरगळली की मीटर संपला. दुरुस्तीच्या नादी लागू नये.

वायर काढून पाहणे. विजेवरच्या साध्या काट्याच्या मीटरसाठी ही पहिली चाचणी, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून सेन्सरवरची वायर काढावी. काटा थंड बाजूला जाऊन पडला पाहिजे. मग तीच वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवावी. काटा गरम टोकाकडे धावला पाहिजे. दोन्ही वेळा असे झाले, तर मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष आहेत आणि दोष सेन्सरकडे आहे. काटा हललाच नाही, तर मीटरला 12 व्होल्टचा पुरवठा येतो का आणि वायर मधे तुटली आहे का, ते टेस्ट लॅम्पने पाहावे. आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक मीटर या चाचणीत काट्यासारखे वागत नाहीत. वायर काढली की ते रेघा किंवा चूक दाखवतात. तेही उत्तरच समजावे. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटचे काम करणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. तिथेही रिॲक्टरचे तापमान संशयास्पद दिसले की आधी लूप, म्हणजे सेन्सरपासून मीटरपर्यंतची पूर्ण वाट, तपासतात, मग मीटर बदलतात.

अर्थिंग. या विषयातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. एका वायरीच्या सेन्सरला दुसरी वायर नसते. त्याची परतीची वाट म्हणजे त्याचे आटे. आटे इंजिनच्या धातूला घट्ट लागले की वर्तुळ पूर्ण होते. गळती होऊ नये म्हणून फिटर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे देतो आणि नकळत ही वाटच बंद करतो. मग काटा कमी दाखवतो किंवा खड्ड्यांत थरथरतो. एखादा वेढा पुरतो. तोही आट्यांच्या टोकाशी, सगळ्यांवर नव्हे.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. इंजिनवर सेन्सरसाठी मोकळे भोक नसते, म्हणून वरचा रेडिएटर होज कापून त्यात ॲल्युमिनियमचा ॲडॉप्टर बसवतात आणि सेन्सर त्यात पिळतात. ॲडॉप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर. म्हणजे तो धातूचा तुकडा गाडीच्या कुठल्याच धातूला लागत नाही. कूलंट थोडी वीज नेते, त्यामुळे काटा अगदी मेलेला राहत नाही. काहीतरी दाखवतो, आणि म्हणूनच कुणाला शंका येत नाही. ॲडॉप्टरच्या क्लिपखाली एक वायर धरून ती बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा इंजिनला नेली की प्रकरण मिटते. बसवतानाच हे करायला दहा मिनिटे लागत नाहीत, पण करणारे थोडेच.

तिसरे, मीटरच्या बाजूचे अर्थिंग. हेडलाइट लावले, पंखा सुरू झाला की काटा जागचा हलतो. तापमान इतक्या झटपट बदलत नसते. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक मीटरच्या अर्थिंगला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे, दिवे आणि पंखा चालू ठेवावेत. 0.1 व्होल्टच्या वर फरक दिसला तर अर्थिंग कच्चे आहे. म्युझिक सिस्टीमच्या काळ्या वायरीला पिळून जोडलेले अर्थिंग हा इथला नेहमीचा गुन्हेगार.

जोडी. मीटर आणि सेन्सर हे एकच उपकरण समजावे. उल्हासनगरच्या बाजारात, कॅम्प एक ते पाचपैकी कुठेही, सुटा सेन्सर मागितला तर दुकानदार आट्यांचा आकार विचारतो, रोध विचारत नाही. ज्या शहराची सुरुवात कल्याण कॅम्पच्या बराकींतल्या सिंधी निर्वासितांनी केली आणि ज्याला 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले, तिथे नग जुळवून काम भागवण्याची कला मोठी आहे; पण ओहम जुळवाजुळवीने जुळत नाहीत. ऑइलसाठीचा 150 अंशांचा सेन्सर कूलंटच्या 120 अंशांच्या मीटरला लावला तर तो बसतो, चालतो, आणि पाणी 100 अंशांवर असताना काटा बरेच अंश कमी दाखवतो. दिसायला ही अगदी निरोगी गाडी.

आट्यांचाही घोळ असतो. एक-अष्टमांश एनपीटी आणि 10 मिलिमीटरचे मेट्रिक आटे इतके जवळचे आहेत की एकात दुसरा दोन वेढे सुखाने जातो. तिसऱ्या वेढ्याला पान्हा लावला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. डायल फॅरनहाइटचा असेल तर आणखी एक गंमत: 195 वर काटा पाहून घाबरणाऱ्याने लक्षात घ्यावे की ते 90 अंश सेल्सिअस आहे, म्हणजे गाडी ठणठणीत आहे.

जागा. खरे तापमान इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे, थर्मोस्टॅटच्या आधी. सीएनजी गाड्यांत, आणि या तिन्ही शहरांत त्या भरपूर आहेत, रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याला गरम कूलंटची बारीक नळी दिलेली असते. हाताला सोपी म्हणून सेन्सर तिथेच टोचला जातो. तिथले पाणी थोडे आणि थंडावलेले. काटा उशिरा उठतो आणि कमी दाखवतो. मूळ थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाडीत काटा वर येतच नाही, ते तर मीटरचे पापच नव्हे.

कंपनीच्या ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या, सेन्सरला मात्र मीटरची वायर कधीही जोडू नये. ईसीयू त्या सेन्सरला 5 व्होल्ट देऊन रोध मोजतो. त्यात मीटर घुसला की त्याचा हिशेब बिघडतो. पंखा अखंड फिरू लागतो, ॲव्हरेज पडते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि मीटरमुळे हे झाले असे कुणाच्या मनातही येत नाही. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापली तर सर्व्हिस सेंटर हात वर करते, हा वेगळा खर्च.

पाणी आणि पाऊस. कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरत राहिल्यास सेन्सरच्या पितळी टोकावर पांढरा थर चढतो. काटा बरोबर आकड्यावर पोचतो, पण मिनिटभर उशिरा. सेन्सर काढून व्हिनेगरमध्ये ठेवला तर थर सुटतो. उल्हास आणि वालधुनीचे पाणी ज्या भागांत शिरते, तिथल्या गाड्यांचे दुखणे निराळे. 26 जुलै 2005 आणि जुलै 2019 च्या पुरांसारख्या वेळी पाणी दारांच्या वर गेले तर वायरिंग सगळ्यांच्याच लक्षात येते. पण नुसत्या ओल्या कार्पेटनेही पायाखालचा थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, हिरवा पडतो आणि दोष दिवाळीच्या सुमारास उगवतो. असा थिंबल घासू नये. कापून नवा सोल्डर करावा, वर हीट श्रिंक चढवावी.

पडताळा. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात त्याचे फक्त टोक बुडवावे, ते भांड्याला लागू देऊ नये, आणि मल्टीमीटरने रोध मोजावा. तिन्ही शहरे समुद्रसपाटीपासून फार उंच नसल्याने उकळते पाणी 100 अंशच धरायला हरकत नाही. माथेरानच्या 800 मीटरवर हाच आकडा 97 च्या आसपास येतो. अर्थात दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी न्यायलाच बंदी आहे.

इंजिनवर पडताळा घ्यायचा तर कोविडकाळात घरोघर आलेली कपाळावर धरायची बंदूक कामाची नाही. तिची मजल शरीराच्या तापापुरती. औद्योगिक प्रकारची हवी, आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर तीही कमी दाखवते, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवून तिच्यावर नेम धरावा. सगळ्यात सोपा मार्ग ओबीडीचा, म्हणजे गाडीतच असलेल्या दोषनिदान यंत्रणेचा. भारतात एप्रिल 2013 पासूनच्या बीएस-4 गाड्यांत ओबीडी-2 आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथ डोंगल लावले की ईसीयू स्वतः पाहतो तोच आकडा मोबाइलवर दिसतो. दोन आकड्यांत तीन-चार अंशांचा फरक जागेच्या फरकामुळे पडतो, तो सोडून द्यावा. फरक सतत दहा अंशांचा असेल तर जोडी विजोड आहे. फरक कमी-जास्त होत असेल तर पुन्हा अर्थिंगकडे जावे.

दुरुस्तीनंतर पहाटे थंड इंजिनाचा आकडा, पंखा सुरू होतानाचा आकडा आणि एसी लावून उभ्या गाडीचा आकडा लिहून ठेवावा. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडतो, पंखा 95 च्या आसपास लागतो. मीटर आणि कंपनीचा लाल दिवा यांच्यात कधी मतभेद झाला, तर वाद न घालता दिव्याचे ऐकून गाडी थांबवावी.