सण कोकणाचा, सुट्टी साहेबाची

नाताळ हा इंग्रजांनी आपल्याकडे आणलेला सण, ही समजूत पनवेल-उरण-अलिबागच्या पट्ट्यात तरी टिकत नाही. मुंबई बेट कंपनीच्या हाती आले १६६८ साली. त्याआधी दीडशे वर्षांपासून पोर्तुगीज चौलच्या बंदरात वावरत होते. १५२१ पासून त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला, १५३४ मध्ये वसई मिळवली, उरणचे करंजा बेट ताब्यात ठेवले. पनवेलच्या डोक्यावरचा कर्नाळाही सोळाव्या शतकात काही काळ त्यांच्याकडे होता. त्यांच्याही आधी या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणूस नव्हता असे नाही. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने 'कल्लियाना'त बिशप असल्याचे लिहिले आहे आणि बहुतेक अभ्यासक हे गाव म्हणजे आपले कल्याणच मानतात. ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा त्यांना आसरा देणारी नेस्टोरियन कुटुंबे तिथे होती. पण तो धागा पुढे तुटला. १४६९च्या सुमारास चौलला उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन आपल्या टिपणांत खंत करतो, की पोथ्या वाटेतच लुटल्या गेल्या आणि आता ईस्टर कधी, नाताळ कधी, काहीच कळत नाही. दख्खनभर फिरूनही ज्याला दिवस विचारावा असा जाणता स्वधर्मीय त्याला भेटलेला दिसत नाही. तेव्हा आजच्या नाताळाची सलग परंपरा मोजायची ती पोर्तुगीजांपासूनच.

याला पंचांगाचा एक पुरावा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये कालगणना सुधारली आणि पोर्तुगालने ती त्याच वर्षी उचलली. इंग्लंडने मात्र पोपचे काही ऐकायचे नाही म्हणून १७५२ पर्यंत जुनेच पंचांग चालवले. त्यामुळे करंजाच्या पोर्तुगीज अमलात २५ डिसेंबर उजाडे तेव्हा समोर मुंबईच्या इंग्रज वखारीत १५ डिसेंबरच असे, आणि १७०० नंतर तर १४. एकाच खाडीच्या दोन काठांवर दोन नाताळ. कोकणातल्या ख्रिस्ती गावांचा सण साहेबाकडून आला असता, तर तो साहेबाच्या तारखेला आला असता. तशी ही तारीखच मुळात कुणी आकाशातून टाकलेली नाही. शुभवर्तमानांत येशूच्या जन्माचा दिवस दिलेला नाही. २५ डिसेंबरचा भक्कम उल्लेख सापडतो तो थेट ३५४ सालच्या एका रोमन पंजिकेत. सूर्यदेवाच्या उत्सवावर हा सण बसवला असे काही म्हणतात. २५ मार्चला गर्भधारणा धरून पुढे नऊ महिने मोजले असे दुसरे म्हणतात, आणि मला हे दुसरे मत अधिक पटते. आर्मेनियन चर्च तर आजही ६ जानेवारीलाच हा जन्म साजरा करते. ज्या त्या समाजाने आपापल्या गणिताने हा सण आपलासा केला, हीच त्याची जुनी रीत आहे.

कोकणाने तो कसा आपलासा केला हे स्वयंपाकघरात दिसते. वसईपासून उरण-कोर्लईपर्यंतच्या आणि खाली गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाआधी नेवऱ्या तळल्या जातात, म्हणजे आपल्या करंज्याच. फणीच्या नाहीतर काट्याच्या दात्यांवर वळून कुलकुल होतात, तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाचे दूध आटवून दोदोल होतो. भातकापणी उरकलेली, नवा तांदूळ घरात आलेला, नारळ दारचा. युरोपात बदामाचे असणारे मार्झिपान इथे काजूचे होते, आणि काजूचे झाडही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेले. यांतली वसई-उरणकडची माणसे स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवतात ते मात्र इंग्रजी अमदानीतले, १८८७चे नाव. तेही कंपन्यांच्या आणि सरकारी नोकऱ्यांत गोव्याच्या ख्रिस्त्यांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून घेतलेले. नाव नवे असले तरी पक्वान्ने जुनी आहेत.

यावर आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही: हा सण तलवारीच्या आणि इन्क्विझिशनच्या धाकाने आला, मग तो कोकणाचा कसा? गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायपीठ बसले हे खरे, आणि १७३६ मध्ये त्याने ख्रिस्ती घरांतले हळदीसारखे लग्नविधी आणि कितीतरी देशी रिवाज बंद करणारे फर्मान काढले हेही खरे. पण पावणेदोनशे वर्षांनंतरही असे फर्मान काढावे लागते याचा अर्थच असा, की लोक ते रिवाज सोडत नव्हते. आणि सक्तीची खरी परीक्षा सत्ता गेल्यावर होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहात ख्रिस्ती रयतेच्या उपासनेला मोकळीक राहिली. १७४० मध्ये चौल-रेवदंडा आणि कुंडलिकेच्या मुखावरचा कोर्लईचा किल्लाही मराठ्यांकडे आला. त्यानंतर पेशवाई संपेपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊणशे वर्षे, कोर्लईच्या ख्रिस्त्यांमागे कोणतीही ख्रिस्ती सत्ता नव्हती. सक्तीने आलेला सण सक्ती उठताच सुटायला हवा होता. कोर्लईने सण सोडला नाहीच, पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून झालेली आपली 'नो लिंग' ही बोलीही आजवर सोडलेली नाही.

दुसरा आक्षेप खास पनवेलचा. सिडकोची स्थापना १९७०ची. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, खारघर ही वस्ती त्यानंतरची, आणि तिथला नाताळ पुष्कळसा केरळ, मंगळूर, गोवा इथून नोकरीला आलेल्यांचा. कोर्लईशी त्याचा काय संबंध? थेट नाही, हे मान्य. पण तोही साहेबाचा नाही. केरळातले ख्रिस्ती तर पोर्तुगीजांच्याही आधीचे. त्यांच्या प्लम केकची कथा १८८३ मध्ये तलश्शेरीच्या बेकरीत एका इंग्रज मळेवाल्याच्या फर्माइशीवरून सुरू होते, एवढाच काय तो साहेबाचा वाटा. मॉलमधले सजवलेले झाड जर्मनांचे. इंग्लंडच्या घराघरांत ते रुजले १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आल्यावर, म्हणजे पनवेल इंग्रजांकडे जाऊन तीस वर्षे झाल्यावर.

मग इंग्रजांनी दिले काय? सुट्टी. कोर्ट-कचेऱ्या आणि कॉलेजे डिसेंबरअखेर बंद राहू लागली आणि त्या मोकळ्या दिवसांवर आपले सार्वजनिक जीवन उभे राहिले. काँग्रेसची पहिली बैठक मुंबईत २८ डिसेंबर १८८५ला भरली ती वकील-प्राध्यापकांना रजा होती म्हणून. रानड्यांची सामाजिक परिषदही १८८७ पासून त्याच दिवसांत. १९०७ मध्ये काँग्रेसच्या सुरतेच्या मांडवात जोडा भिरकावला गेला, तोही नाताळच्याच सुट्टीत! मिशनऱ्यांनी तरी सण शिकवला असेल, तर तेही तपासून पाहावे. १८१३ पासून मुंबईत काम करणारे अमेरिकन मिशनरी ज्या प्युरिटन परंपरेतले, तिने मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून बावीस वर्षे नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. १८२३ मध्ये बाणकोटला आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांचे चर्चही या सणाला पोपचे थोतांड मानत आलेले. मराठी प्रॉटेस्टंटांची उपासना टाळ-मृदंगाची झाली ती रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्यांच्या भजन-कीर्तनांमुळे, मिशनच्या शिकवणुकीमुळे नव्हे. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांना नाताळची सुट्टी मिळू लागून पिढ्या लोटल्या होत्या, तेव्हा खुद्द स्कॉटलंडमध्ये तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा नव्हता. तिथे ती सुट्टी सुरू झाली १९५८ साली, भारत स्वतंत्र झाल्यावर अकरा वर्षांनी.