सायलेन्सरचा जमाखर्च

मोटारीच्या एकेका भागाचं स्वतंत्र खातं काढलं, तर मोठा मजेशीर हिशेब निघतो. इंजिनावरचा खर्च मालकाला पुढे नेतो. ब्रेकवरचा खर्च त्याला वेळेवर थांबवतो. सीट कव्हरवरचा खर्च मालकिणीच्या माहेरच्या माणसांना दिसतो. सायलेन्सर ही एकच वस्तू अशी, की पैसे मालकाने मोजायचे आणि सुख रस्त्यावरच्या परक्या माणसाने भोगायचं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर रक्कम आपल्या नावे आणि शेजाऱ्याकडे जमा! त्यातून ही वस्तू लोंबणार गाडीच्या पोटाखाली, चिखलात, जिथे पाहुण्यांची नजर जात नाही. म्हणूनच सायलेन्सर बदलायची वेळ आली की मुलीच्या लग्नात हजार पानं उठवणारा माणूससुद्धा मिस्त्रीला हळूच विचारतो, "वेल्डिंग मारून नाही का भागायचं?"

या चिकटपणाला कुणी खास आपला मराठी गुण समजू नये. त्याला चांगला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो परदेशात सुरू होतो.

कार्ल बेन्झने जर्मनीत आपल्या मोटारीचं पेटंट घेतलं ते १८८६ साली. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९७ मध्ये, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल या रीव्ह्ज बंधूंनी इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. त्या काळी रस्त्यावर मोटारींपेक्षा घोडे जास्त, आणि मोटारीच्या फटफटीला घोडे बुजत. म्हणजे या वस्तूचे पहिले लाभार्थी बहुधा चार पायांचे असावेत! यांतल्या मिल्टनरावांनी पुढे १९११ साली आठ चाकांची मोटारही बांधली. चारच चाकांच्या टायरांचे भाव ऐकून घाम फुटणाऱ्या जनतेने तिच्याकडे पाठ फिरवली, हे काही नवल नाही.

दुसरं घराणं मॅक्सिम यांचं. वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी मशिनगन शोधून काढली आणि आयुष्यभर तिच्या शेजारी उभं राहून उतारवयात कान गमावले. मुलगा हायरम पर्सी याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि इंजिनांचे आवाज दाबायच्या मागेही तो लागला. वडिलांनी करून ठेवलेलं निस्तरणं म्हणजे काय, हे इतक्या शब्दशः दुसऱ्या कुणा मुलाच्या वाट्याला आलं नसेल. अमेरिकेत या डब्याला 'मफलर' म्हणतात. आमचे आजोबा कोजागिरीपासून होळीपर्यंत गळ्याभोवती गुंडाळत, त्याच नावाचा.

हा डबा करतो तरी काय? आम्ही बँकेत संतापलेल्या खातेदाराचं जे करतो, तेच. माणूस आरडाओरडा करत आत शिरतो. त्याला तीन नंबरच्या खिडकीवर पाठवतात. तिथून पाचवर, पाचवरून साहेबांकडे, साहेबांकडून पुन्हा तीनवर. शेवटी तो बाहेर पडतो तेव्हा आवाज नसतो, नुसता उसासा असतो. सायलेन्सरमध्येही असेच कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. इंजिनातून दणादण सुटलेला वायू त्यांत फिरतो, पसरतो. आवाजाच्या लाटा आपटून परततात आणि एकमेकींनाच गारद करतात.

पण या फिरवाफिरवीत इंजिनाची थोडी ताकद खर्ची पडते. झालं! मालकाच्या पोटात दुखलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक गाड्यांना 'कटआउट' नावाची झडप असे. ती उघडली की वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर. चढ आला की झडप उघडायची, आणि पुष्कळदा चढ नसला तरी उघडायची. अखेर अमेरिकेतल्या गावोगावच्या नगरपालिकांना बंदी घालावी लागली. ती जमात अजून जिवंत आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १२० वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवाच असं सांगतो. तरी मध्यरात्री मोटारसायकलचे फटाके फोडत जाणारे वीर आहेतच. महाराष्ट्रातल्या शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवले आहेत.

आवाजाचं झालं, मग धुराचं निघालं. युजीन हूद्री या अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रेंच इंजिनिअरला १९५६ मध्ये विषारी धुराचं रूप पालटणाऱ्या कन्व्हर्टरचं पेटंट मिळालं. पण १९२१ मध्ये लागलेल्या एका शोधामुळे पेट्रोलमध्ये शिसं मिसळत असत आणि त्या शिशाचा थर बसून कन्व्हर्टर निकामी होई. तेव्हा औषध तयार असूनही रोगी खोकत राहिला. अमेरिकेत कायद्याचा बडगा उगारल्यावर १९७५ च्या गाड्यांपासून तो सरसकट बसू लागला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि शिशाचं पेट्रोल देशातून गेलं ते फेब्रुवारी २००० मध्ये. सगळ्या जगातून जायला २०२१ साल उजाडलं. तात्पर्य, दुसऱ्याच्या नाकाकानांसाठी आपण होऊन खिशात हात घालणारा मोटारमालक इतिहासाला फारसा भेटलेला नाही.

आता हा इतिहास आमच्या सोसायटीत येतो. आमच्या शेजाऱ्यांची चौदा वर्षांची गाडी. ती ते फार जपून वापरतात. रविवारी मंडईपर्यंत आणि चतुर्थीला गणपतीपर्यंत. तरी सायलेन्सर कुजला. "वापरलीच नाही, मग झिजली कशी?" हा त्यांचा सवाल. मिस्त्री म्हणाला, "काका, वापरली नाही म्हणूनच!" एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांब पल्ल्याला डबा तापतो आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. मंडईपर्यंत तो तापतच नाही. पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून खातं. कंपन्या म्हणूनच पुष्कळदा डब्याच्या तळाला एक बारीक भोक ठेवतात. काकांनी ते गळती समजून एम-सीलने बुजवलं होतं.

काकांनी आधी स्वस्तातला मार्ग धरला: ठिगळ. पण कुजलेल्या पत्र्याला वेल्डिंग म्हणजे जुन्या धोतराला नवा दोरा. टाका राहतो, शेजारचं फाटतं. पावसाळ्यातल्या पहिल्याच खड्ड्याने ते सिद्ध केलं. शिवाय नळी मध्येच फुटली, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतून उठवत नाही. म्हणजे ज्या वस्तूचं सुख फक्त परक्याला असं आपण समजत होतो, ती आपल्याच पोराबाळांच्या श्वासावर पहारा देत असते. हे ऐकल्यावर काकांनी घासाघीस थांबवली.

पण थांबवली ती योग्य जागी, हेही सांगायला हवं. मिस्त्रीने दोन मार्ग सुचवले होते. पहिला, सगळंच नवं घ्या. कन्व्हर्टरसकट घेतलं तर आकडा पाच अंकी. दुसरा, कन्व्हर्टर काढून तिथे सरळ नळी टाका, स्वस्तात काम. हा दुसरा सल्ला कायद्यात बसत नाही आणि हिशेबातही नाही. त्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं. २०२१ मध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता आणि अमेरिका-इंग्लंडात चोर गाडी सोडून नुसता कन्व्हर्टर कापून नेत होते. तेव्हा 'जुना भंगारात टाकला' असं कुणी म्हणालं, तर भंगार कुणाच्या खात्यात जमा झालं, ते विचारावं.

काकांनी तिसरा मार्ग काढला. कन्व्हर्टर शाबूत होता, पुढची नळी ठणठणीत होती. कुजला होता फक्त मागचा डबा. तो इंजिनापासून सर्वांत लांब, म्हणून सर्वांत थंड, म्हणून सहसा तोच आधी जातो. तेवढा नवा घेतला. सोबत गॅस्केट, क्लॅम्प आणि डबा टांगायची रबरं नवी. कारण स्वस्तातलं एक रबर तुटलं की सगळी नळी हेलकावे खात मोडते. आकडा चार अंकी राहिला. आता महिन्यातून दोनदा गाडी हायवेवर नेऊन, डबा चांगला तापवून आणतात. काकू त्याला फिरायला जाणं म्हणतात.

पुढच्या रविवारी सकाळी काका मंडईतून परतले, तेव्हा तळमजल्यावरचे आजोबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. इतकी वर्षं दर रविवारी त्या गाडीने त्यांना सहाला उठवलं होतं. ते काळजीने म्हणाले, "अहो, बरेच दिवसांत आवाज नाही. गाडी विकलीत की काय?"