कंसातलं गाव

डॉक्टरच्या पाटीवर नाव मोठ्या अक्षरात, त्याखाली डिग्री आणि डिग्रीच्या पुढं कंसात विद्यापीठ. एम.बी.बी.एस. (उस्मानिया). एम.बी.बी.एस. (मुंबई). पत्र्याला पांढऱ्याचे दोन हात मारायचे, वाळला की रंगीत खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची, सरळ रेघ उमटते. अक्षरं त्या रेघेवर बसतात. कंस मात्र बारीक ब्रशनं, हात न थांबवता एका दमात काढावा लागतो. गावात फ्लेक्स येईपर्यंत मी हेच केलं, माझ्याआधी वडिलांनी. आमच्या धाराशिव जिल्ह्यातली पोरं डॉक्टरकी कुठं शिकली आणि का, ते मी या कंसांवरून सांगू शकतो. लोकांना वाटतं, ज्याचं नाव मोठं ते कॉलेज पोरं निवडतात. आमच्याकडं आधी सरहद्दीनं निवडलं, मग जमिनीनं. नावाचा नंबर त्यानंतर.

वडील निजामाच्या राज्यात उर्दू आणि मराठी अशा दोन्ही पाट्या लिहायचे. हैदराबादचं मेडिकल स्कूल १८४६ चं. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. तिथं डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवत आणि इंग्रजी पुस्तकं उर्दूत आणायला भाषांतराचं स्वतंत्र खातं होतं. धाराशिवला तेव्हा रेल्वे नव्हती. पोरगं सोलापूर गाठायचं, तिथून वाडीमार्गे हैदराबाद. संस्थानच्या नोकरीत मुलकी, म्हणजे संस्थानातल्याच माणसाला आधी घेत, म्हणून शहाणा बाप उस्मानियाच बघायचा. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियातून पोरं काढली गेली. त्यातली कितीतरी नागपूरला जाऊन शिकली.

आमची बाजारपेठ मात्र बार्शी, आणि बार्शी इंग्रजी मुलखात. तिकडं वेगळाच माल होता: एल.सी.पी.एस. मुंबईत १९१२ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा हा डिप्लोमा पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या ठिकाणी शिकून मिळायचा. ग्रँट मेडिकल किंवा के.ई.एम.च्या जी. एस. मेडिकलची एम.बी.बी.एस. म्हणजे मुंबईचा खर्च आणि जास्तीची वर्षं. एल.सी.पी.एस.ला वर्षं कमी, पैसा कमी आणि मानही कमी. वडील सांगायचे, बार्शीत गाड्या सोडलेल्या दिसायच्या त्या एल.सी.पी.एस.वाल्याच्या दारात, कारण तो आठवडी बाजाराच्या दिवशी हमखास भेटायचा. १९४६ मध्ये सरकारच्या भोर समितीनं ही दुय्यम डॉक्टरकी बंद करा म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी पुण्याच्या स्कूलचं कॉलेज झालं. समितीचा हेतू चांगलाच असेल. पण खेड्यात बसायला तयार असलेला डॉक्टर त्यात गेला, असं मला वाटतं. ती जागा पुढं आयुर्वेदवाल्यांनी भरून काढली; आजही तालुक्याला पाट्या मोजल्या तर बी.ए.एम.एस. जास्त निघतील.

१९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. हैदराबाद आंध्रात, गुलबर्गा-बीदर म्हैसूरमध्ये आणि आम्ही मुंबई राज्यात. उस्मानिया एका रात्रीत परराज्यातलं झालं. त्याच वर्षी औरंगाबादला सरकारी मेडिकल निघालं, पण औरंगाबाद आम्हाला लांब. १९६३ ला सोलापूरला कॉलेज झालं तेव्हा वाटलं, सुटलो. तुळजापूरहून पंचेचाळीस किलोमीटर. आमचा पेशंट आजही सोलापूरच्या सिव्हिललाच जातो. प्रवेशाच्या हिशेबात मात्र आम्ही मराठवाड्यातले आणि सोलापूर उर्वरित महाराष्ट्रात. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागाच्या पोरांना, तीस टक्के सगळ्या राज्याला. म्हणजे नळदुर्गचा बाप सोलापूरच्या वॉर्डात उपचार घ्यायचा आणि त्याच्या पोराला त्याच वॉर्डात शिकायचं तर तीस टक्क्यांत भांडायचं. आमच्या हक्काचं मग अंबाजोगाई आलं, नांदेड आलं, लातूर आलं. हे ७०:३० गेलं थेट सप्टेंबर २०२० मध्ये.

दोन-चार मार्कांनी सरकारी हुकलं की उमरग्याकडच्या लोकांना कर्नाटक दिसायचं. गुलबर्ग्याचं खाजगी कॉलेजही १९६३ चंच आणि उमरग्याहून औरंगाबादपेक्षा कितीतरी जवळ. बेळगाव, विजापूर होतं. पुढं आपल्याकडंही खाजगी कॉलेजं निघाली. मग सुरू झाली जमिनीची डॉक्टरकी: रान विकायचं आणि डोनेशन भरायचं. डोनेशनविरुद्ध कर्नाटकात १९८४ ला आणि महाराष्ट्रात १९८७ ला कायदा झाला. व्यवहार पावतीशिवाय चालूच राहिला. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टात फीवरच्या मोहिनी जैन खटल्याचा निकाल लागला तेव्हा कळलं, कर्नाटकात सरकारी कोट्यातल्या पोराला वर्षाला २,००० रुपये फी आणि परराज्यातल्याला ६०,०००.

त्याच सुमारास एका नव्या दवाखान्याची पाटी करत होतो. डॉक्टर हळूच म्हणाले, "पेंटर, कंस राहू द्या." त्यांना कर्नाटक लिहायचं नव्हतं. डॉक्टरांचे वडील मागंच उभे होते, धोतराचा सोगा हातात धरून. म्हणाले, "राहू द्या कसं? धा एकर बागायत गेलंय त्या कंसात. लिव्हा ठळक." मी लिहिलं. पुढं त्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची आणि एकाही पेशंटनं कंस वाचला असेल असं वाटत नाही. मुंबईवाल्या एका डॉक्टरांनी कंस लाल रंगात मागितला होता. ते वर्षभरात पुण्याला गेले, पत्रा मीच परत घेतला.

हा कंस मेला १९९८ ला. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यातल्या कॉलेजांची डिग्री, अभिमत विद्यापीठं सोडली तर, एकाच शिक्क्याची झाली. ग्रँट असो की अंबाजोगाई, कंसात नाशिक. आता २०२२ पासून धाराशिवलाही सरकारी मेडिकल आहे, शंभर जागांचं. सरकारी फी दीड लाखाच्या आसपास, खाजगीत त्याच्या कितीतरी पट, तीही वर्षाला. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना २०२४ पासून फीमाफी आहे.

पुतण्याची मुलगी यंदा ऑप्शन फॉर्म भरत होती. पहिलं ग्रँट, दुसरं बी. जे., मग सोलापूर, अंबाजोगाई, आणि धाराशिव पाचवं. खाजगी एकही नाही, एवढी अक्कल तिला आहे. मी म्हटलं, "अगं, घरापासून पायी दहा मिनिटांवर कॉलेज, भाडं नाही, मेस नाही. पाचवं का?"

"आजोबा," ती मान वर न करता म्हणाली, "घरात राहून एम.बी.बी.एस. होतं का? पाहुणे आले की चहा कोण टाकणार?"