तारप्याचा सूर आणि पुंजबिंदूचा प्रकाश

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तारपा वाजतो, तेव्हा वादकाची बोटे नळीवरची भोके उघडतात आणि मिटतात. भोक उघडले की आतला हवेचा स्तंभ आखूड होतो व सूर चढतो. हा नियम तिथल्या विद्यार्थ्यांच्या कानांना ठाऊक असतो. त्याच्या आधाराने आपण अर्धवाहकांच्या इतिहासातील एक प्रकरण पाहू.

अर्धवाहकाचा कण काही नॅनोमीटर इतका लहान केला, तर त्यातील इलेक्ट्रॉनच्या लहरीला जागा अपुरी पडते आणि तिची ऊर्जा वाढते. म्हणून एकाच पदार्थाचा मोठा कण तांबडा, तर लहान कण निळा प्रकाश देऊ शकतो. हाच पुंजबिंदू. हा आकाराचा परिणाम १९८१ साली सोव्हिएत संघात अलेक्सी एकिमोव्ह यांना रंगीत काचेत, तर १९८३ साली अमेरिकेत लुई ब्रुस यांना द्रावणातील कणांत आढळला. १९९३ साली मौंगी बावेंडी यांनी एकसारख्या आकाराचे कण बनवण्याची रीत दिली. त्याच दशकात पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी व त्यांचे सहकारी झिंक सल्फाइडच्या अतिसूक्ष्म कणांचा अभ्यास करीत होते. एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा धागा आपल्याच देशातला. १९८४ साली बंगळूरच्या एका परिषदेत बेनेट आणि ब्रासार यांनी प्रकाशकणांच्या साह्याने गुप्त किल्ली पाठवण्याची पद्धत मांडली. वाटेत कोणी कण मोजला, तर मोजणीतील चुकांवरून ते उघड होते. मात्र प्रत्येक स्पंदात एकच कण हवा. मंद केलेल्या लेझरच्या स्पंदात कधी एकही कण नसतो, कधी दोन असतात. दोन असले, तर चोर एक ठेवून घेईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही! यावर पुढे इतर युक्त्याही निघाल्या. पण मुळातच एकेक कण देणारा दिवा का असू नये?

तो पुंजबिंदूने दिला. २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी इंडियम आर्सेनाइडच्या बिंदूतून दर स्पंदाला एकच प्रकाशकण मिळवून दाखवला. अशा बिंदूंना बहुधा उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावे लागते; प्रयोगशाळेबाहेर पडण्यातली ही मोठी अडचण आहे.

तारप्याचे साम्य इथे संपते. तारपा फुंकर असेतो सूर देतो. पुंजबिंदू एक कण देऊन थांबतो, पुन्हा चेतवीपर्यंत. साम्य कुठवर चालते आणि कुठे तुटते, हेही वर्गात अवश्य विचारावे.