व्यक्तिचित्र-छायाचित्रकार

गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे माणसाच्या चेहऱ्याचे, अर्धाकृती किंवा पूर्णाकृती छायाचित्र काढून देणारा व्यावसायिक. बोलीत त्याला ‘फोटोवाला’, ‘फोटोग्राफर’ किंवा ‘स्टुडिओवाला’ म्हणतात. ‘छायाचित्रकार’ हा शब्द छापील मजकुरात आणि सत्काराच्या भाषणांत भेटतो. सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील वैराग हे बार्शी–सोलापूर रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. अशा गावात तहसील कचेरी नसते. पण आसपासच्या खेड्यांची बाजारहाट, शाळा, बँक आणि दवाखाना तिथेच असल्याने स्टुडिओ चालतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे अशा बाजारगावातील व्यवसायाचा विचार केला आहे. जाहिरात किंवा चित्रपटाच्या क्षेत्रातील छायाचित्रकाराला चेहरे निवडता येतात. बाजारगावात चेहरा निवडता येत नाही आणि त्याचा फोटो कशासाठी हवा, हेही गिऱ्हाईकच ठरवून येते.

पूर्वपीठिका : पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी दागेरची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यक्तिचित्रांचा व्यवसाय केला. निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईकडे सोपवला आणि १८९६ मध्ये मुंबईत शाखा उघडली. बार्शी तालुका इंग्रजी मुलखात असला, तरी त्याला लागूनच निजामाचे राज्य सुरू होई.

प्रारंभी या धंद्याला भीतीचाही अडथळा होता. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो व माणूस मरतो, या समजुतीमुळे त्यांना बडोद्यात गिऱ्हाइके मिळेनात, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आज उलट स्थिती आहे : फोटोवाचून शाळेचा दाखला अडतो, स्थळ अडते आणि मेल्यावर भिंतही रिकामी राहते.

एक चेहरा, तीन मागण्या : दुकानात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, ‘कशासाठी पाहिजे?’ उत्तरावर प्रकाश, पार्श्वभूमी आणि चेहऱ्यावरचा भाव ठरतो.

(१) कागदपत्रांसाठी : साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा ‘पासपोर्ट’. चेहरा सरळ, दोन्ही कान दिसणारे, हसू नाही. चार बाय सहा इंचांच्या कागदावर आठ प्रती बसतात. काम पाच मिनिटांचे, पण शेतकऱ्याचा रापलेला चेहरा आणि पांढरीशुभ्र टोपी एका चौकटीत आणणे अवघड. टोपी धरून प्रकाश मोजला तर चेहरा काळवंडतो, चेहरा धरून मोजला तर टोपीच्या सुरकुत्या उडतात. पाठीमागे पांढरा पडदा असला तर टोपीची कडच नाहीशी होते. म्हणून पडद्यावर वेगळा दिवा टाकतात, किंवा टोपी काढायला सांगतात. म्हाताऱ्या माणसाला हे सांगणे सोपे नसते. बाईमाणसाला कपाळावरचा पदर मागे सारायला सांगताना सोबतच्या सासूकडे किंवा दिराकडे पाहून बोलावे लागते.

(२) स्थळासाठी : मुलीचा किंवा मुलाचा पूर्णाकृती फोटो. इथे साम्यापेक्षा पसंती मोलाची. ‘जरा उजळ करा’ ही फर्माईश ठरलेली असते. किती उजळ करायचे हे छायाचित्रकाराच्या सबुरीवर असते. कारण पाहुणे प्रत्यक्ष बघायला आल्यावर फोटो आणि मुलगी यांत फरक दिसला, तर बोल स्टुडिओला लागतो.

(३) भिंतीसाठी : निधनानंतर हाराच्या चौकटीतला फोटो. पुष्कळदा घरात मोठा फोटो नसतोच. नातेवाईक मतदान ओळखपत्र, आधार कार्ड किंवा लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येतात. त्यातला चेहरा वेगळा काढून त्याला कोट, फेटा किंवा नऊवारीचा पदर चढवतात. दहाव्याच्या आत चौकट मिळावी लागते, म्हणून हे काम रात्री बसून होते. हिशेबाची बोलणी या गिऱ्हाइकाशी शेवटी करतात.

याशिवाय बारसे, जावळ, साखरपुडा, सेवानिवृत्ती, पोळ्याला सजवलेली बैलजोडी आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवरील चेहरे ही कामे असतात.

जुने तंत्र : रंगीत छपाई सर्वदूर होण्यापूर्वी स्टुडिओत रंगवलेला पडदा, खुर्ची, कुंडी आणि मागे अंधारखोली असे. १२० क्रमांकाच्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरची बारा चित्रे येत. प्रत्येक चित्राला पैसे पडत असल्याने ‘हलू नका’ हा हुकूम खरा असे. हौशी लोकांकडे बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक कॅमेरा दिसे. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ कागद व फिल्म देशभर वापरली जाई. छायाचित्रकार तांबड्या दिव्यात कागद डेव्हलपरमध्ये बुडवी, चित्र उमटले की हायपोत टाकून पक्के करी आणि बराच वेळ पाण्याने धुई. धुण्यात कसूर झाली तर काही वर्षांत फोटो पिवळा पडे. दुष्काळी भागात पाण्याचा हा खर्च जाणवण्याजोगा होता.

खरी कसोटी ‘रिटचिंग’ची. निगेटिव्हमध्ये काळे ते पांढरे दिसते. म्हणजे चेहऱ्यावरची सुरकुती तिथे पारदर्शक रेघ असते. टोकदार शिसपेन्सिलीने ती रेघ भरली की छापील फोटोत सुरकुती नाहीशी होते. जास्त भरली तर चेहरा मेणाचा वाटतो. कृष्णधवल फोटोवर कापसाने व कुंचल्याने रंग चढवण्याचीही पद्धत होती. ओठ, साडीचे काठ आणि दागिने तेवढे रंगवले तरी गिऱ्हाईक खूश असे.

बदल : व्यवसायाला सरकारी कागदांनी वाढवले आणि त्यांनीच कमी केले. १९९३ मध्ये निवडणूक आयोगाने सचित्र मतदार ओळखपत्राचा निर्णय घेतल्यावर फोटो न काढलेली माणसेही कॅमेऱ्यासमोर आली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारचा फोटो नोंदणी केंद्रावरच काढतात, आणि पासपोर्ट सेवा केंद्रातही तसेच. ऑनलाइन अर्जांमुळे छापील प्रतीऐवजी ठराविक केबीची फाइल पुरते. मोबाइलने घरगुती फोटोचे काम नेले. परिणामी पुष्कळ स्टुडिओंत आता झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्ज भरणे आणि फ्लेक्सची मांडणी हीच रोजची कमाई झाली आहे. लग्नाचे व्हिडिओ, प्री-वेडिंग चित्रण व जाड पानांचा करिझ्मा अल्बम यांवर वर्षाचे गणित बसते.

कामाचे वर्ष : तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते व उन्हाळ्यात ती टिपेला जाते. जूनमध्ये शाळाप्रवेशाचे फोटो, भाद्रपदात गणेशमंडळे, पितृपक्षात जुन्या फोटोंच्या चौकटी. चातुर्मासात लग्ने थांबली की कॅमेरे दुरुस्तीला जातात आणि राहिलेल्या उधाऱ्या मागितल्या जातात. रोजच्या दिवसात बाजाराचा दिवस भारी. बाहेरगावचे गिऱ्हाईक परतीच्या एसटीच्या आत फोटो मागते.

कलामूल्य : मराठीत व्यक्तिचित्रणाला प्रतिष्ठा देणाऱ्यांत गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे नाव अग्रक्रमाने येते, कलावंतांची त्यांनी टिपलेली व्यक्तिचित्रे ‘चेहरे’ या पुस्तकात आहेत. त्यांच्यासमोर बसणाऱ्यांना कॅमेऱ्याची सवय होती. बाजारगावातल्या छायाचित्रकाराला मात्र आयुष्यात दोनचारदाच कॅमेऱ्यासमोर बसणारा माणूस मिळतो. त्याचे आखडलेले खांदे सैल करण्यासाठी तो पाऊसपाणी, उसाची तोड, कांद्याचा भाव असे काहीतरी विचारतो, आणि उत्तर संपता संपता कळ दाबतो.

हक्क व जतन : कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, गिऱ्हाईक असतो. निगेटिव्ह मात्र स्टुडिओतच राहत. त्यामुळे पाकिटावर क्रमांक व नाव घालून ठेवलेले निगेटिव्हचे डबे ही पंचक्रोशीची न मागता झालेली चेहऱ्यांची नोंदवही आहे. दमट हवा, वाळवी व दुकानाचे स्थलांतर यांत ती नष्ट होते. हार्डडिस्क बिघडली की नवी नोंदही जाते. ज्या दुकानात ही पाकिटे राहिली आहेत, तिथे पासपोर्टसाठी टोपी काढून बसलेल्या शेतकऱ्याची निगेटिव्ह पुढे त्याच्याच भिंतीवरच्या फोटोसाठी बाहेर निघते, आणि त्या वेळी घरच्यांची पहिली सूचना टोपी घालण्याची असते.