विभागलेला शोध

महाराष्ट्रांत ग्रंथशोधाचा प्रश्न जुना आहे. पोथी कोणाच्या देवघरांत, तर कागद कोणाच्या माळ्यावरील रुमालांत. तें सर्व एका जागीं आणावें, कीं जेथल्या तेथें ठेवून त्यांतील मजकूर तेवढा गोळा करावा? संगणकाच्या जगांत ज्याला ‘ग्रिड’ म्हणतात, त्या योजनेच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १ एप्रिल १९१९ रोजीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ केला. १९२५ सालीं डॉ. वि. सी. सुकथनकर प्रधान संपादक झाले. पोथ्या काश्मीरच्या शारदेपासून केरळच्या मल्याळम् लिपीपर्यंत अनेक लिप्यांत विखुरलेल्या होत्या. म्हणून पुण्याखेरीज शांतिनिकेतन व तंजावर येथेंही पाठ ताडून पाहण्याचीं केंद्रें उघडण्यांत आलीं. तेथें एकाच धर्तीचा चौकटींचा कागद वापरीत; वर प्रचलित श्लोक एकेक अक्षर सुटें करून लिहीत, आणि प्रत्येक पोथींतील निराळें अक्षर त्याच्याच खालच्या चौकटींत भरीत. काम करणारे शेंकडों कोस दूर असले तरी त्यांचे कागद एकमेकांशीं जुळत. एकंदर १,२५९ पोथ्या पाहण्यांत आल्या व २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें या कार्याची सांगता झाली. सुकथनकर मात्र १९४३ सालींच निवर्तले होते.

त्याच पुण्यांत १९८८ सालीं प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झालें. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तेथें ‘परम ८०००’ सिद्ध झाला. एका बलाढ्य गणकाऐवजीं अनेक लहान गणकांना काम वांटून देणें, हें त्याचें मर्म होय. पुढें याच केंद्रानें ‘गरुड’ नांवाचें जाळें उभारून पहिल्या टप्प्यांत १७ शहरांतील ४५ संस्थांचे संगणक एकमेकांशीं जोडले.

अशा जाळ्यांतून माहिती शोधावयाची, तर प्रश्न प्रत्येक भांडाराकडे जातो; तें आपली सूचि चाळतें आणि निवडक उत्तरें तेवढीं परत धाडतें. खरी अडचण पुढेंच आहे. पुराणांच्या संग्रहांत ‘गरुड’ हा शब्द पानोपानीं आढळेल, तर यंत्रशास्त्राच्या संग्रहांत क्वचित्. दुर्मिळ शब्दास अधिक महत्त्व देण्याची रीत असल्यामुळें दोन्हीं ठिकाणीं त्याचें वजन भिन्न ठरतें, आणि एका भांडाराचें पहिलें उत्तर दुसऱ्याच्या दहाव्याहूनही हलकें असूं शकतें. यास्तव कोणता शब्द कोठें किती वेळां येतो, याचे आंकडे भांडारांनीं आधीं परस्परांस कळवावे लागतात. भांडारकर मंदिरांतील चौकटींच्या कागदाचेंच हें नवें रूप होय.

तथापि यंत्र शोधतें तें सूचींतलेंच. जें कोणीं नोंदलें नाहीं, तें सर्व संगणक एकवटले तरी सांपडणार नाहीं. पवनेकांठचें थेरगांव आज पिंपरी-चिंचवड शहरांत सामावून गेलें आहे. अशा गांवच्या जुन्या घरांतून एखादा मोडी कागदांचा रुमाल निघाला, तर तो रद्दींत जाण्यापूर्वीं त्याची नोंद व्हावी. तेवढें काम मनुष्यासच करावें लागेल.