टिपणांची ठेव

देवरीवरून जाणारा राजमार्ग पश्चिमेस नागपुराकडे व पूर्वेस रायपुराकडे जातो. रायपूर येथें १८८४ सालीं डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर जन्मले. आणि सुमारें तीस वर्षांनीं याच रस्त्याच्या दुसऱ्या टोंकास, नागपुरांत, त्यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कामास हात घातला. जगांतील ज्ञान मराठींत आणावयाचें, तर तें कोणत्या क्रमानें लावावयाचें, हा प्रश्न त्यांच्यापुढें प्रारंभींच उभा राहिला असला पाहिजे. तोच प्रश्न फार लहान प्रमाणांत आज माझ्यापुढें आहे, आणि तोही खिशांतल्या मोबाइलमध्यें. म्हणून आधीं स्वतःविषयीं चार शब्द बोलतों. श्रोत्यांनीं क्षमा करावी.

गेलीं चार वर्षें मी या बाजूचे शब्द टिपून ठेवीत आहें. हा मुलूख झाडीबोलीचा. भाताच्या शेताच्या तुकड्यास येथें बांधी म्हणतात, लहान तळ्यास बोडी म्हणतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं या बोलीचा शब्दकोश सिद्ध केला आहे. माझें काम त्याच्या पासंगासही पुरणारें नाहीं. पूर्वीं मी वही बाळगीत असें, आतां टिपणांचें ॲप आहे. बाजारांत उभ्या उभ्या शब्द लिहितां येतो, बोलणाराचा आवाज सांठवितां येतो, छायाचित्र जोडतां येतें. त्यामुळें टिपणें पावसाळ्यांतल्या गवतासारखीं वाढलीं, आणि एके दिवशीं ‘बोडी’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या ठिकाणीं निघाला. शोधण्याची सोय आहे खरी. पण यंत्र अक्षरें ओळखतें, बोली ओळखीत नाहीं. झाडीबोलींत ‘ळ’च्या जागीं ‘र’ येतो. डोळ्यास डोरा म्हणतात. ‘डोळा’ असें लिहून शोध केला तर ‘डोरा’ दडून बसतो.

याहून मोठी चूक पुढें सांपडली. मळणीच्या कामांतला एक शब्द, त्याच्यापुढें अर्थ, आणि बस्स. गांव नाहीं, तारीख नाहीं, सांगणाराचें नांव नाहीं. कोणा वृद्ध बाईच्या तोंडून तो ऐकल्याचें अंधुक आठवतें. दोनतीन गांवीं विचारलें. तो शब्द कोणास ठाऊक नाहीं. तो खरा होता, कीं माझ्या कानानें चूक केली, हें आतां कोणास विचारावें?

अशा वेळीं मला ऋद्धिपूर आठवतें. अमरावती जिल्ह्यांतलें हें गांव महानुभावांचें मोठें स्थान. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, श्रीचक्रधर निघून गेल्यावर, त्यांच्या आठवणी नागदेवाचार्यांच्या व इतर अनुयायांच्या मनांत विखुरलेल्या होत्या. म्हाइंभटांनीं त्या गोळा करण्याचें मनावर घेतलें. ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें-ऐकलें, त्यांना गांठून, विचारून त्यांनीं एकेक लीळा लिहून काढली. यांतून लीळाचरित्र तयार झालें, आणि मराठी गद्यास आपला पहिला मोठा ग्रंथ मिळाला. त्याची मांडणी चरित्राची आहे: स्वामी कोठें गेले, कोण भेटलें, काय बोलणें झालें.

पुढें केशोबासांनीं याच सामग्रीची दुसरी मांडणी केली. लीळांमधून चक्रधरांचीं वचनें वेंचून त्यांनीं ‘सूत्रपाठ’ लावला, आणि दृष्टांत निराळे काढून ११४ दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ केला. आजच्या टिपणकारास ही युक्ति परिचयाची वाटेल. एकच टिपण काळाच्या ओळींत एकदां आणि विषयाच्या ओळींत पुन्हां बसवावयाचें. मात्र याची किंमत लौकरच कळली. प्रसंगापासून तुटलेलें वचन नुसतें वाचून उलगडेना. तेव्हां पंथांतल्या अभ्यासकांनीं कोणतें सूत्र कोणत्या प्रसंगीं, कोणास उद्देशून निघालें, हें सांगणारें ‘प्रकरणवश’ रचलें. तुटलेला धागा पुन्हां जोडण्यासाठीं एक स्वतंत्र ग्रंथ लागला! माझ्या मळणीच्या शब्दास असें प्रकरणवश लिहिणारा कोणी मिळावयाचा नाहीं.

परचक्राच्या धाडींत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, अशी पंथाची परंपरा आहे. ज्यांना ती मुखोद्गत होती, त्यांच्या स्मृतीवरून ती पुन्हां उभी केली गेली, आणि म्हणून तिचे पाठ एकाहून अधिक झाले. येथें त्या मंडळींचा एक गुण मला फार थोर वाटतो. आठवणी जुळल्या नाहींत तेथें त्यांनीं दोहोंचा गोळा करून तिसरीच गोष्ट बनविली नाहीं. निराळी आठवण निराळीच ठेवून ती कोणाची, हें नांवानिशीं नोंदविलें. अशा पाठभेदास ते ‘वासना’ म्हणतात.

आधुनिक काळांत इतिहासाचार्य राजवाड्यांचें उदाहरण डोळ्यांपुढें येतें. गांवोगांव हिंडून दप्तरें मिळविणारा हा पुरुष ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारला. त्यांचा मराठी धातुकोश कृ. पां. कुळकर्णी यांनीं संपादून १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. कर्त्यामागें दुसऱ्याच्या हातून काम पुरें होतें, तें टिपणें वाचतां व लावतां येण्यासारखीं असलीं तरच.

केतकरांनीं मात्र हयातींतच तड लाविली. १९२० नंतरच्या दशकांत ज्ञानकोशाचे २३ खंड पुण्याहून बाहेर पडले. त्यांची योजना पाहण्यासारखी आहे. पहिले पांच प्रस्तावनाखंड विषयवार, सलग विवेचनाचे. त्यानंतरचे खंड अकारविल्हे. आणि शेवटाकडे एक स्वतंत्र सूचिखंड. वाचक विषय धरून आला तरी त्यास वाट आहे, शब्द धरून आला तरी आहे, आणि दोन्ही विसरून आला तर सूची आहेच. त्यांचे सहकारी यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनीं पुढें महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. ही तालीम ज्ञानकोशाच्या कचेरींतलीच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १९४८ सालीं संस्कृत महाकोशाचें काम सुरू झालें. तेथें ग्रंथांतून उतरविलेल्या चिठ्ठ्या सुमारें एक कोटी आहेत, आणि शब्द व त्याचें वाक्य यांबरोबर स्थलनिर्देश हें चिठ्ठीचें आवश्यक अंग. पहिला भाग छापून निघण्यास १९७६ साल उजाडलें. घाई करणारांनीं तिकडे फिरकूं नये.

जर्मनींत निकलास लुहमान या समाजशास्त्रज्ञानें सुमारें ९०,००० चिठ्ठ्यांची पेटी राखिली. प्रत्येक चिठ्ठीस क्रमांक देऊन एकीवरून दुसरीकडे जाण्याची वाट तो लिहून ठेवी. तो १९९८ सालीं वारला. २०२० मध्यें निघालेल्या ऑब्सिडियनसारख्या ॲपमध्यें दुहेरी चौकोनी कंसांत नांव घातलें कीं एक टिपण दुसऱ्यास जोडलें जातें. शिवाय टिपणें साध्या मजकुराच्या रूपांत आपल्याच यंत्रावर राहतात, म्हणून दुसऱ्या साधनांतही उघडतां येतात. ही सोय मला जोडणीइतकीच मोलाची वाटते. माझीं पूर्वींचीं टिपणें एका ॲपमधून काढून घेतांना त्यांच्या तारखा गळून पडल्या होत्या. तें दुःख मी अजून विसरलों नाहीं.

सध्यां रोज रात्रीं मी वीस टिपणें काढून बसतों. शब्द, प्रमाण मराठींतला त्याचा जोडीदार, गांव, तारीख, सांगणाराचें नांव व वय. ‘डोरा’पाशीं ‘डोळा’ लिहिला आहे. ‘बोडी’चीं तीन टिपणें एकत्र केलीं नाहींत, तीन गांवांच्या तीन ‘वासना’ म्हणून तीं परस्परांस जोडून ठेविलीं आहेत, आणि आतां पाहतों तों तिहींचे अर्थ थोडथोडे निराळे आहेत. महिनाअखेर सर्वांची एक छापील प्रत काढून घेतों. मळणीचा तो शब्द अद्याप तसाच आहे. सांगणाराच्या रकान्यांत तेथें ‘माहीत नाहीं’ असें लिहिलें आहे. येत्या सुगीस त्या बाजूच्या आणखी दोन गांवीं जाऊन विचारणार आहें.